बोडी: कॅलिफोर्नियातील ओस पडलेल्या सोन्याच्या गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोडी नेमके कुठे आहे?

बोडी हे गाव अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पूर्वेला, मोनो काउंटीत आहे. मोनो सरोवराच्या उत्तरेकडील डोंगरांत वसलेल्या या गावापासून नेव्हाडा राज्याची सीमा फार दूर नाही. गावाची उंची समुद्रसपाटीपासून २,५५४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून नऊशे मीटरांनी अधिक आहे. भोवतालच्या टेकड्यांवर खुरटी झुडपे सोडली तर झाड म्हणून नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण या गावाच्या इतिहासात सोन्याखालोखाल महत्त्व लाकडाला आहे.

विदर्भातील वाचकांना बोडी म्हटल्यावर शेतालगतचे छोटे तळे आठवेल. त्या शब्दाशी या गावाच्या नावाचा काही संबंध नाही.

मग हे नाव कशावरून पडले?

वॉटरमन एस. बोडी या माणसावरून. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी या गावी बायकामुलांना ठेवून तो सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आला होता. १८५९ साली त्याला व त्याच्या सोबत्यांना या डोंगरांत सोन्याचा माग लागला. त्याच वर्षी हिवाळा सुरू होताना, जवळच्या मोनोव्हिल वस्तीतून शिधासामान घेऊन परतत असताना, तो हिमवादळात सापडून मरण पावला. आपल्या नावाचे गाव त्याने पाहिलेच नाही. त्याचे पहिले नाव काही ठिकाणी विल्यम असेही नोंदलेले आहे आणि आडनावाची इंग्रजी अक्षरेही निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली आढळतात. शेजारच्या अरोरा गावात एका तबेल्याची पाटी रंगवणाऱ्याने जी अक्षरे लिहिली तीच पुढे रूढ झाली, असे सांगितले जाते.

त्याच्या स्मारकाची कथाही अशीच आहे. गाव भरभराटीला आल्यावर लोकांना आपल्या मूळपुरुषाची आठवण झाली आणि त्याच्यासाठी दगडी स्मारक घडवण्यात आले. परंतु १८८१ साली राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांची हत्या झाली, तेव्हा तयार असलेला तो दगड त्यांच्या नावाने उभा करण्यात आला. तो आजही गावच्या दफनभूमीत आहे.

सोने १८५९ साली सापडले, तर गाव वाढायला जवळजवळ वीस वर्षे का लागली?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल यांना सोने दिसले आणि कॅलिफोर्नियाकडे जगभरातून माणसांचा लोंढा सुरू झाला. ते सोने नद्यांच्या वाळूत मोकळे पडलेले होते. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी जे काम करतात, साधारण तेच काम तिथे थाळी, फावडे आणि वाहते पाणी यांच्या आधारे करता येत होते. अशा सोन्याला भांडवल लागत नाही, अंगमेहनत पुरते. मात्र ते लवकर संपते. दहा वर्षांत पश्चिमेकडच्या नद्या धुऊन झाल्या आणि उरलेसुरले शोधक पर्वत ओलांडून पूर्वेकडे वळले. बोडी त्यांच्यापैकीच एक होता.

त्याला वरवर सापडलेले सोने थोडे होते. खरा साठा डोंगराच्या पोटात, गारगोटीच्या शिरांमध्ये अडकलेला होता. तो काढायचा तर खोल विवरे खणावी लागतात, पाणी उपसावे लागते, दगड फोडून त्याचे पीठ करावे लागते, आणि यांतले काहीही एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसते. त्यातच १८५९ मध्ये नेव्हाडात कॉमस्टॉक येथे चांदीचा प्रचंड साठा उघडकीस आला आणि पुढच्याच वर्षी अरोरातही चांदीसोने सापडले, त्यामुळे पैसा आणि माणसे तिकडे गेली. बोडीत १८६० च्या दशकात लहानसहान प्रयत्न झाले, दगड भरडण्याची गिरणीही आली, पण वस्ती काही डझन माणसांपलीकडे गेली नाही.

१८७५ मध्ये एका खाणीचा काही भाग कोसळला आणि त्या पडझडीत सोन्याने समृद्ध असलेली शीर उघडी पडली. १८७७ मध्ये स्टँडर्ड कंपनीने ती खाण विकत घेतली आणि लवकरच सॅन फ्रान्सिस्कोच्या शेअरबाजारात बोडीचे नाव गाजू लागले. म्हणजे १८४८ ची झुंबड वाळूतल्या सोन्यामागे धावली होती, तर बोडीची झुंबड भागभांडवलामागे धावली. शोधकाची थाळी आणि गाढव ही जी चित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात ती बोडीच्या भरभराटीच्या काळाला लागू पडत नाहीत. इथला बहुतेक माणूस पगारी कामगार होता.

गावाची लोकसंख्या खरोखर दहा हजार होती का?

हा आकडा फार ठिकाणी छापलेला आढळतो. कधीकधी तर बोडी हे कॅलिफोर्नियातील दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते असेही लिहिलेले असते. १८८० च्या जनगणनेत हा दावा टिकत नाही. त्या वर्षी संपूर्ण मोनो काउंटीचीच लोकसंख्या ७,४९९ होती, म्हणजे तिच्या पोटातल्या एका गावात दहा हजार माणसे असणे शक्य नव्हते. त्याच जनगणनेत लॉस एंजेलिसची लोकसंख्या ११,१८३ होती आणि सॅन फ्रान्सिस्कोची सव्वादोन लाखांहून अधिक. भरभराटीच्या शिखरावर, म्हणजे १८७९-८० च्या सुमारास, गावात पाच ते सात हजार माणसे आणि सुमारे दोन हजार लहानमोठ्या इमारती होत्या, हा अंदाज त्यामानाने समंजस आहे. खाणीच्या गावात येणारा-जाणारा माणूस एवढा असतो की कोणत्या दिवशी मोजले यावरही आकडा बदलतो. तरीही काही डझनांची वस्ती दोन-तीन वर्षांत काही हजारांवर गेली हे खरे आहे, आणि त्यासाठी आकडा फुगवण्याची गरज नाही.

डोंगरातून सोने प्रत्यक्षात काढत कसे?

खाणीत सुरुंग लावून गारगोटीचा खडक फोडत आणि तो वर आणून भरडण्याच्या गिरणीत घालत. या गिरणीला तिकडे स्टँप मिल म्हणत. मराठी वाचकांसाठी सर्वांत जवळची उपमा उखळ-मुसळाची आहे. ओळीने उभी केलेली जड लोखंडी मुसळे वाफेच्या इंजिनाने वर उचलली जात आणि आपल्याच वजनाने खालच्या दगडावर आदळत. स्टँडर्डच्या गिरणीत अशी २० मुसळे होती. भरभराटीच्या काळात गावात नऊ गिरण्या होत्या आणि त्या रात्रंदिवस चालत. गिरणगावात वाढलेल्या माणसाला भोंग्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे, तसे बोडीच्या माणसाला हा धडधडाट थांबला की चुकल्यासारखे वाटत असणार.

दगडाचे पीठ पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहू देत. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटून त्याचा लगदा होई, तो खरवडून घेऊन तापवला की पारा उडून जाई आणि सोने मागे राही. बोडीच्या सोन्यात चांदी मिसळलेली असे, त्यामुळे विटा ओतल्यानंतर शुद्धीकरणाचे काम पुढे बाकी राहत असे. या विटा घोडागाडीतून, बंदूकधारी पहारेकऱ्यांच्या सोबतीने, नेव्हाडातील कार्सन सिटीच्या टांकसाळीकडे रवाना होत. १८९० च्या दशकात सायनाइडची पद्धत आली आणि पूर्वी टाकून दिलेल्या भुकटीतूनही उरलेले सोने काढणे परवडू लागले. गावाचे आयुष्य त्यामुळे बरेच लांबले.

एकूण किती सोने निघाले?

गावाजवळच्या स्मृतिफलकावर दहा कोटी डॉलरांहून अधिक असा उल्लेख आहे, तर सावध अंदाज साडेतीन कोटी डॉलरांच्या आतबाहेर थांबतात. एकट्या स्टँडर्ड खाणीने पंचवीस वर्षांत सुमारे दीड कोटी डॉलरांचे उत्पन्न दिले, ही गोष्ट सर्वमान्य आहे. तेव्हा सोन्याचा भाव एका औंसाला २०.६७ डॉलर असा ठरलेला होता. सगळे उत्पन्न सोन्याचेच धरले तर हा हिशेब साडेबावीस टनांच्या, म्हणजे आपल्या मापाने एकोणीस लाख तोळ्यांच्या घरात जातो.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोडीच्या नावावर तीसेक खाणी निघाल्या, त्यांचे शेअर सॅन फ्रान्सिस्कोत विकले गेले, पण भरीव नफा स्टँडर्ड आणि तिच्या शेजारची बोडी कंपनी एवढ्यांनीच कमावला. बाकीच्यांपैकी बहुतेकांचे भागधारक लाभांशाची वाट पाहत राहिले. १८८७ मध्ये या दोन यशस्वी कंपन्याही एकत्र आल्या.

झाडे नव्हती, तर इतकी लाकडी घरे आणि गिरण्या कशा चालल्या?

बोडीच्या खाणींना लाकूड तीन कामांसाठी लागे: विवरांना टेकू देण्यासाठी, घरे बांधण्यासाठी, आणि सर्वांत जास्त म्हणजे वाफेच्या इंजिनांत व घरोघरच्या शेगड्यांत जाळण्यासाठी. कोळसा जवळपास नव्हता. सुरुवातीला आसपासच्या टेकड्यांवरील पिन्यॉन जातीचे बुटके पाइन वृक्ष तोडून, मुख्यतः चिनी व्यापारी, खेचरांच्या पाठीवरून सरपण गावात आणत. हिवाळ्यात सरपणाचा तुटवडा म्हणजे जिवावरचे संकट असे.

जवळचे रान संपत आले तेव्हा कंपन्यांनी आगगाडीच बांधली. मोनो सरोवराच्या दक्षिणेला असलेल्या पाइनच्या जंगलात मोनो मिल्स ही लाकूडगिरणी उभारली गेली आणि तिथून बोडीपर्यंत सुमारे ५१ किलोमीटरांचा अरुंद रूळमार्ग १८८१ मध्ये पूर्ण झाला. ही रेल्वे देशातील दुसऱ्या कोणत्याही रेल्वेला कधीही जोडली गेली नाही. ओंडके आणि सरपण वाहून नेणे एवढ्यासाठीच ती धावली. एका खाणगावाने केवळ जळणासाठी स्वतःची रेल्वे बांधावी, यावरून त्या गिरण्यांची भूक किती होती याची कल्पना येते. दुर्दैव असे की रूळ पडले तेव्हा भरभराटीचा भर ओसरू लागला होता. तरीही ही गाडी १९१७ पर्यंत चालली.

या तोडीची किंमत इथल्या मूळनिवासी पायूट लोकांनी मोजली. मोनो सरोवराच्या परिसरातील कुत्झादिका नावाच्या पायूट समूहाचे हिवाळ्यातील अन्न म्हणजे पिन्यॉनच्या बिया आणि सरोवरकाठी गोळा केलेले क्षारमाशीचे कोष. जी झाडे त्यांची कोठारे होती तीच इंजिनांत गेली. नंतर त्यांच्यापैकी अनेकांना याच वसाहतींत मोलमजुरी करावी लागली. गावाच्या लोकप्रिय इतिहासांत या माणसांना फार तर एखादे वाक्य मिळते.

खाणकामगारांना मजुरी किती मिळे?

जमिनीखाली काम करणाऱ्याला दिवसाला चार डॉलर. तो दर त्या काळी चांगला मानला जाई आणि तो टिकला तो संघटनेमुळे. डिसेंबर १८७७ मध्ये, म्हणजे भरभराट सुरू होते न होते तोच, बोडीत खाणकामगारांची युनियन स्थापन झाली आणि १८७८ मध्ये तिने स्वतःचे सभागृह बांधले. सभा, नाच, लग्ने, नाटके, अंत्ययात्रा असे सगळे याच लाकडी सभागृहाभोवती फिरत असे. ते आजही उभे आहे आणि तिथे गावाचे संग्रहालय आहे.

या संघटनेची एकजूट मात्र गोऱ्या कामगारांपुरतीच होती. १८८१ मध्ये रेल्वेच्या बांधकामावर चिनी मजूर आणले गेले तेव्हा त्यांना हुसकावून लावण्यासाठी बोडीतून जमाव चालून गेला. कंपनीने त्या मजुरांना होडीतून मोनो सरोवरातील पाओहा बेटावर हलवल्यामुळे अनर्थ टळला. चिनी लोकांना खाणीत काम मिळत नव्हते, म्हणून सरपण, धोबीकाम, भाजीपाला आणि खानावळी हे व्यवसाय त्यांनी धरले. गावाच्या एका बाजूला त्यांची वेगळी वस्ती आणि देऊळ होते, त्यातले आता जवळजवळ काहीच उरलेले नाही.

बोडी खरोखर इतके गुंडांचे गाव होते का?

होते, पण चित्रपटांत दाखवतात तसे नाही.

त्या काळी ‘बोडीचा वाईट माणूस’ हा वाक्प्रचारच पश्चिम अमेरिकेत रूढ झाला होता. एका लहान मुलीची आख्यायिका नेहमी सांगितली जाते. आईवडिलांबरोबर तिकडे राहायला जाण्यापूर्वी तिने प्रार्थना केली, ‘गुड-बाय गॉड, आय ॲम गोइंग टू बोडी’, म्हणजे ‘देवा, निरोप घेते, मी बोडीला चालले’. त्यावर एका संपादकाने म्हणे खुलासा केला की लोकांनी विरामचिन्ह चुकवले, मुलगी म्हणाली होती, ‘गुड! बाय गॉड, आय ॲम गोइंग टू बोडी’, म्हणजे ‘वा! देवाशपथ, मी बोडीला चालले’.

विनोद बाजूला ठेवून आकडे पाहिले, तर १८७७ ते १८८३ या काळात गावात सुमारे तीस माणसे मारली गेली. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण वर्षाला लाखामागे ११६ इतके भरते, आणि ते कोणत्याही निकषावर भयंकर आहे. परंतु हे खून कोणी कोणाचे केले हे पाहण्यासारखे आहे. तरुण, अविवाहित, खिशात मजुरी आणि कमरेला पिस्तूल असलेले पुरुष गुत्त्यात पिऊन एकमेकांच्या शब्दाला शब्द वाढवत आणि त्यातून गोळ्या झाडल्या जात. स्वसंरक्षणाची सबब पंचांना सहसा पटे, त्यामुळे शिक्षा क्वचितच होई. याउलट घरफोड्या आणि किरकोळ चोऱ्या फारच थोड्या होत्या. भरभराटीच्या सबंध काळात बँकेवर एकही दरोडा पडला नाही, घोडागाड्या मात्र अनेकदा अडवल्या गेल्या. सामान्य कुटुंबातील माणूस, तो गुत्त्यापासून लांब राहत असेल तर, इथे बऱ्यापैकी सुरक्षित होता.

जमावाने कायदा हातात घेतल्याची एक घटना मात्र नोंदलेली आहे. जानेवारी १८८१ मध्ये जोसेफ डिरोश याने थॉमस ट्रेलोर या खाणकामगाराला नाचाचा कार्यक्रम आटोपल्यावर गोळी घालून मारले. त्याला कोठडीतून बाहेर काढून लोकांनी फाशी दिली. या जमावाने स्वतःला ‘६०१’ हे सांकेतिक नाव घेतले होते.

गावात स्त्रिया होत्या का?

होत्या, पण भरभराटीच्या वर्षांत पुरुषांच्या मानाने फार कमी. कुटुंबवत्सल स्त्रिया, शिक्षिका, खानावळी व भाड्याच्या खोल्या चालवणाऱ्या स्त्रिया, आणि गावाच्या मागच्या बाजूच्या बोनान्झा रस्त्यावर राहणाऱ्या वेश्या असे त्यांचे कप्पे समाजाने घट्ट पाडलेले होते. ते किती घट्ट होते हे लॉटी जोल हिच्या कथेवरून दिसते. एकेकाळी त्या रस्त्यावर राहिलेल्या लॉटीने एली जोल या खाटिकाशी लग्न केले आणि घरही थाटले, तरी प्रतिष्ठित घरांची दारे तिला कधी उघडली नाहीत. एका मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात तिच्या पोशाखाला पहिले बक्षीस मिळाले आणि मुखवटा उतरवताच तिला निघून जाण्यास सांगण्यात आले, असे गावात सांगत. १८९९ मध्ये औषधातून विषबाधा होऊन ती वारली. तिला दफनभूमीच्या कुंपणाच्या आत पुरावे की बाहेर यावरही वाद झाला. तिची जागा अखेर आत मिळाली, मात्र कुंपणाला अगदी लागून.

चर्चची गोष्टही इथेच सांगावी. गुत्त्यांची संख्या डझनांनी मोजली जात असताना गावात एकही चर्चची इमारत नव्हती. मेथडिस्ट आणि कॅथलिक चर्च बांधली गेली ती १८८२ मध्ये, माणसे गाव सोडू लागल्यावर. त्यांपैकी मेथडिस्ट चर्च अजून उभे आहे.

हिवाळा कसा असे?

कित्येक फूट बर्फ, घरांच्या छपरांपर्यंत चढलेले ढीग, आणि अडवायला झाड नसल्यामुळे सुसाटणारा वारा. उन्हाळ्याच्या महिन्यांतही रात्री दहिवर गोठू शकते. १८७८-७९ च्या हिवाळ्यात थंडी आणि न्यूमोनियाने अनेक नवखे दगावले. फळकुटांच्या झोपड्यांत राहणाऱ्यांची तयारीच नव्हती.

विजेच्या इतिहासात बोडीचे नाव का घेतले जाते?

सरपणाचा खर्च स्टँडर्ड कंपनीच्या डोळ्यांत सलत होता. तेव्हा १८९२-९३ मध्ये कंपनीने सुमारे २१ किलोमीटरांवरच्या ग्रीन क्रीक या ओढ्यावर जलविद्युत केंद्र उभारले आणि तिथून तारांनी वीज आणून गिरणी चालवली. तारांमधील दाब ३,५३० व्होल्ट होता आणि कमाल शक्ती १३० अश्वशक्ती. उच्च दाबाची वीज दूर अंतरावर नेऊन यंत्रे चालवण्याचे जे पहिलेवहिले प्रयोग झाले त्यांत हा गणला जातो. तारांचा मार्ग शक्यतो सरळ रेषेत ठेवला होता, कारण वळणावर वीज तारेतून उडून जमिनीत जाईल अशी धास्ती होती, ही गंमत मार्गदर्शक आवर्जून सांगतात. १८९८ मध्ये ही गिरणी जळाली, पण वर्षभरात पुन्हा उभी राहिली. आज दिसते ती ही दुसरी गिरणी.

गाव ओस कसे पडले? सगळे एका रात्रीत निघून गेले का?

मुळीच नाही. ‘एका रात्रीत’ हा शब्दप्रयोग अशा गावांना इतका चिकटला आहे की तो प्रत्येक ठिकाणी तपासून घ्यावा. बोडी ओस पडायला साठ वर्षे लागली.

पहिली गळती १८८० च्या अखेरीस सुरू झाली. नव्या शिरा सापडेनात, शेअर कोसळले, आणि ॲरिझोनातील टूम्बस्टोन, मोंटानातील ब्यूट अशा ठिकाणांच्या बातम्या येऊ लागल्या. आधी सट्टेबाज गेले, मग जुगारी आणि गुत्तेवाले, मग बेकार कामगार. उरले ते मुख्यतः संसारी लोक, आणि पुढची तीस वर्षे बोडी हे शाळा, चर्च, पोस्ट असलेले लहानसे, स्थिर खाणगाव होते. १८९२ च्या आगीत बाजारपेठेचे मोठे नुकसान झाले, तरी गाव चालू राहिले. १९१० मध्ये ६९८ माणसे होती. १९१२ मध्ये शेवटचे वृत्तपत्र बंद पडले आणि १९१७ मध्ये रेल्वे. जून १९३२ मध्ये दुसरी मोठी आग लागली. काड्यांशी खेळणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून ती लागली असे म्हणतात. तिने बाजारपेठेसह गावाचा बराचसा भाग नेला. शेवटचा घाव सरकारी होता: दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४२ मध्ये, ‘एल-२०८’ या आदेशाने देशातील सोन्याच्या खाणी बंद करण्यात आल्या, जेणेकरून माणसे व यंत्रे युद्धोपयोगी धातूंकडे वळावीत. त्याच वर्षी बोडीचे पोस्टही बंद झाले.

आपल्याकडे महसुली दप्तरात ज्या गावाची हद्द आहे, नाव आहे, पण वस्ती नाही त्याला बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. बोडीला हा शब्द तंतोतंत लागू पडतो.

घरांत भांडी, फर्निचर, दुकानात माल तसाच कसा राहिला?

यात गूढ काही नाही. रेल्वे गेल्यावर सामान बाहेर नेण्याचा खर्च सामानाच्या किमतीहून जास्त होता, म्हणून माणसे हाताला लागेल ते आणि खरोखर मोलाचे तेवढे घेऊन जात. शिवाय बँकर जेम्स केन आणि त्यांच्या कुटुंबाने ओस पडणाऱ्या जागा, घरे आणि खाणी एकेक करून ताब्यात घेतल्या होत्या. १९४० च्या दशकात चोऱ्या आणि नासधूस वाढल्यावर याच कुटुंबाने पगार देऊन राखणदार ठेवले. ते नसते, तर शेजारच्या अरोराची जी गत झाली तीच बोडीची झाली असती. अरोरात आज दफनभूमी आणि काही पायांचे दगड यांपलीकडे फारसे काही नाही.

घरांची डागडुजी केलेली का दिसत नाही?

१९६१ मध्ये बोडीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९६२ मध्ये ते कॅलिफोर्नियाचे राज्य उद्यान झाले. तेव्हापासूनचे धोरण असे की पडझड आहे तिथे थोपवायची, पण नवेपणा आणायचा नाही. छप्पर गळत असेल तर दुरुस्त करतात, भिंत कलली असेल तर टेकू देतात, मात्र रंग देत नाहीत आणि जळालेली घरे पुन्हा बांधत नाहीत. आज सुमारे ११० इमारती उभ्या आहेत. किल्ल्यांच्या तटांवर सिमेंटचा गिलावा आणि रंगीत दिवे पाहून हळहळणाऱ्या मराठी माणसाला हे धोरण पाहून थोडा हेवा वाटल्यावाचून राहणार नाही.

भेट द्यायची असल्यास काय लक्षात ठेवावे?

महामार्ग ३९५ वरून राज्यमार्ग २७० ला वळल्यावर सुमारे २१ किलोमीटरांवर गाव येते आणि शेवटचे पाचेक किलोमीटर कच्चा, खडबडीत रस्ता आहे. कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबे उन्हाळ्यात योसेमिटीहून टियोगा खिंडीने मोनो सरोवराकडे उतरतात, त्यांना वाट थोडी वाकडी करून अर्धा दिवस काढता येतो. हिवाळ्यात हा रस्ता बर्फाने बंद होतो. गावात खाण्यापिण्याची सोय नाही, पेट्रोल नाही, सावलीही नाही. पाणी, टोपी आणि उबदार कपडे जवळ असू द्यावेत, आणि उंचीमुळे धाप लागत असल्यास बेताने चालावे. स्टँडर्ड गिरणी आतून पाहायची असेल तर मार्गदर्शकासोबतच्या फेरीतच जाता येते. ही फेरी चुकवू नये. बहुतेक पाहुणे खिडक्यांतून डोकावून आणि दफनभूमीत फिरून परततात, परंतु ज्या यंत्रासाठी हे सगळे गाव होते ते त्या गिरणीतच आहे.

बोडीच्या शापाची गोष्ट खरी आहे का?

गावातून खिळा, काचेचा तुकडा किंवा दगड जरी उचलून नेला तरी नेणाऱ्याच्या मागे अपयश आणि आजारपण लागते, अशी ही समजूत आहे. चोऱ्यांना आळा बसावा म्हणून उद्यानाच्या रक्षकांनीच ती पसरवली असे मानले जाते. गावातील कोणतीही वस्तू उचलणे कायद्याने गुन्हा आहेच, पण कायद्यापेक्षा शापाचा परिणाम जास्त झालेला दिसतो. उद्यानाच्या कार्यालयात आजही टपालाने पुडकी येतात, त्यांत गंजलेले खिळे आणि बाटल्यांचे तुकडे असतात, आणि सोबत माफी मागणारी पत्रे असतात. काही पत्रे संग्रहालयात वाचायला ठेवलेली आहेत.